बिनछपराचा डबा

जव्हारला रेल्वे नाही. पूर्वेला नाशिक, पश्चिमेला पालघर किंवा डहाणू. आगगाडी पकडायची तर आधी एसटीने घाट उतरायचा. त्यामुळे आमच्या पिढीचे प्रवासाचे सगळे शिक्षण लाल गाडीत झाले. तिथे चांगली जागा मिळवण्याचा एकच मार्ग होता. गाडी स्टँडात वळली की धावत जाऊन खिडकीतून रुमाल टाकायचा. रुमाल पडला ती जागा आपली. त्या जागेला वेगळा दर नव्हता आणि रुमालाला कुणी आव्हानही देत नसे.

हे सगळे आठवले ते गेल्या वर्षी मे महिन्यात. मुलीकडे लंडनला जायचे होते. आम्हा दोघांचा पहिलाच परदेश प्रवास. तिकिटे चार महिने आधी, स्वस्तात स्वस्त बघून काढलेली. निघायच्या आदल्या संध्याकाळी विमान कंपनीचा संदेश फोनवर आला. माणशी अठ्ठावीस हजार रुपये भरल्यास ‘प्रीमियम इकॉनॉमी’मध्ये, म्हणजे साध्या आणि बिझनेस वर्गाच्या मधल्या वर्गात, रुंद जागा मिळेल. जागा मोजक्याच आहेत, लवकर कळवा.

पत्नीच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया चार वर्षांपूर्वी झालेली आहे. विमान साडेनऊ तासांचे. ती म्हणाली, “अहो, दोघांचे छप्पन्न हजार! एवढ्यात मागच्या पडवीचे पत्रे बदलून होतील.” तिच्या दृष्टीने विषय संपला होता. माझ्या दृष्टीने तो संपला नव्हता, आणि त्याचे कारण गुडघा नव्हता.

१९८३ च्या पावसाळ्यात वडिलांचे मणक्याचे दुखणे बळावले. नाशिकला डॉक्टरांना दाखवायचे होते. गावातल्या एका जीपवाल्याने नेऊन आणण्याचे चारशे रुपये सांगितले. मी नुकताच शिक्षक म्हणून लागलो होतो. पगार हजाराच्या आत. मी म्हटले, बसने जाऊ, पुढची जागा मी धरतो. रुमाल टाकून ती धरलीही. मोखाडा, मग तोरंगण घाट, मग त्र्यंबक. वडील सगळा वेळ समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरून बसले होते. नाशिकला उतरलो तेव्हा त्यांच्या तळहातांवर त्या दांड्याचे वळ उठलेले होते. ते काही बोलले नाहीत. पुढे बरे झाले, आणखी अकरा वर्षे जगले. पण ते चारशे रुपये माझ्या हिशोबातून कधी गेले नाहीत.

त्या संध्याकाळी फोन हातात घेऊन मी बसलो होतो, तेव्हा अठ्ठावीस हजारांच्या मागे हे चारशे उभे होते. पुढे काय केले ते शेवटी सांगतो. परत आल्यावर मात्र इतिहासाच्या शिक्षकाची खोड जागी झाली. जास्तीचे पैसे देऊन जास्तीची जागा घ्यायची, हा व्यवहार आला कुठून? आणि आपण नेमके विकत काय घेतो?

छप्पर का नव्हते?

रेल्वेच्या सुरुवातीच्या काळात युरोपात तिसऱ्या वर्गाचे अनेक डबे उघडे असत. लाकडी कठडे, वर आभाळ. पाऊस, थंडी, इंजिनाचा धूर आणि उडणाऱ्या ठिणग्या, सगळे प्रवाशांच्या अंगावर. १८४१ च्या नाताळच्या आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये सॉनिंग इथे दरड कोसळून गाडीला अपघात झाला, तेव्हा तिसऱ्या वर्गाच्या उघड्या, बुटक्या डब्यांतून माणसे बाहेर फेकली गेली आणि मेली. तीन वर्षांनी, १८४४ मध्ये, ग्लॅडस्टन व्यापार मंडळाचे प्रमुख असताना ब्रिटिश संसदेने कायदा केला: दिवसातून निदान एक गाडी अशी हवी, जिच्या तिसऱ्या वर्गाला छप्पर आणि बाक असेल आणि भाडे मैलाला एका पेनीहून जास्त नसेल.

कायदा करावा लागला, कारण कंपन्या आपणहून छप्पर घालत नव्हत्या. का? छप्पर काही फार महाग नव्हते. या प्रश्नाचे उत्तर फ्रान्समधल्या झ्यूल द्युप्युई नावाच्या अभियंत्याने १८४९ मध्ये दिले. तो सरकारी पूल-रस्ते खात्यात होता आणि पुलावरचा टोल किंवा गाडीचे भाडे किती असावे याचा विचार करता करता अर्थशास्त्रात शिरला होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: तिसऱ्या वर्गावर छप्पर नसते ते खर्च वाचवण्यासाठी नव्हे. दुसऱ्या वर्गाचे भाडे ज्याला परवडते त्याने तिसऱ्या वर्गात बसू नये, म्हणून ते नसते. गरिबाला त्रास होतो, पण त्रास देण्याचा हेतू त्याच्यासाठी नाही. तो त्रास श्रीमंताला भिववण्यासाठी आहे. त्याच न्यायाने पहिल्या वर्गाला गरजेपेक्षा जास्त सुखसोयी दिल्या जातात.

एकशे पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा हा विचार वाचताना मला माझ्या फोनवरचा संदेश आठवला. आपण समजतो की वरच्या वर्गात आपण सुख विकत घेतो. द्युप्युई सांगतो की बऱ्याचदा आपण त्रासातून सुटका विकत घेतो, आणि त्यातला काही त्रास ती सुटका विकता यावी म्हणूनच ठेवलेला असतो.

पाच शिलिंग आणि बारा आणे

आपल्याकडे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि तिच्याबरोबर इंग्लंडातली वर्गांची उतरंडही आली. प्रवाशांचा फार मोठा भाग तिसऱ्या वर्गाचा आणि प्रवासी भाड्याच्या उत्पन्नाचाही मोठा भाग त्याच वर्गातून येणारा. सोयी मात्र उलट्या क्रमाने. ही गोष्ट आकड्यांनिशी मांडणारे माणूस म्हणजे गांधीजी. सप्टेंबर १९१७ मध्ये ते मुंबईहून मद्रासला तिसऱ्या वर्गाने गेले. तेरा रुपये नऊ आणे भाडे भरले आणि प्रवासानंतर वृत्तपत्रांना पत्र लिहिले. त्यातला एक मुद्दा हिशोबाचा होता. पहिल्या वर्गाचे भाडे तिसऱ्याच्या पाच पटींहून जास्त आहे. मग पहिल्या वर्गातल्या सुखाचा पाचवा, निदान दहावा हिस्सा तरी तिसऱ्या वर्गाला मिळतो का? आणि वरच्या वर्गांच्या वाढत्या चैनीचा खर्च तिसऱ्या वर्गाच्या भाड्यातून निघतो, हेही त्यांनी बजावले.

याच गांधीजींच्या आत्मचरित्रात ऐनवेळी जास्तीचे पैसे द्यायचे की नाही, असे दोन प्रसंग आहेत. पहिला १८९३ चा, दक्षिण आफ्रिकेतला. मॅरिट्झबर्गच्या स्टेशनवर त्यांना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवले, ही गोष्ट शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण त्याच प्रवासात अब्दुल्ला शेठ त्यांना बिछान्याचे वेगळे तिकीट काढायला सांगत होते. पाच शिलिंगांचा प्रश्न होता. हट्ट, अभिमान आणि काटकसर अशा तिन्ही कारणांनी त्यांनी ते काढले नाही, हे ते स्वतःच कबूल करतात. दुसरा प्रसंग लाहोरचा. कराचीहून कलकत्त्याला जाताना लाहोरला गाडी बदलायची होती आणि डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एक हमाल म्हणाला, बारा आणे द्या, जागा मिळवून देतो. गांधीजींनी मान्य केले. हमालाने त्यांना खिडकीतून आत ढकलले आणि बारा आणे वसूल केले. आत शिरल्यावरही ते दोन तास उभेच होते.

म्हणजे तत्त्व म्हणून तिसऱ्या वर्गाने जाणाऱ्या माणसानेही निकडीला जास्तीचे पैसे मोजले. मला यातून दिलासा मिळाला, हे लपवत नाही.

पण पैसे मोजूनही जागा न मिळण्याची गोष्ट महाराष्ट्राला जास्त जवळची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत १९०१ चा प्रसंग लिहिला आहे. साताऱ्याहून ते आणि घरातली इतर मुले वडिलांना भेटायला गोरेगावला निघाली. अंगावर नवे कपडे होते आणि रेल्वेचे तिकीट होते. मसूर स्टेशनवर उतरल्यावर, ही मुले महार आहेत हे कळताच एकही बैलगाडीवाला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा एक जण तयार झाला, तोही एका अटीवर: गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार. दुप्पट पैसे देऊन त्या मुलांना वरचा वर्ग मिळाला नाही. साधा शेजारही मिळाला नाही. जागेची किंमत केवळ पैशात नसते, हे ज्यांना समजून घ्यायचे आहे त्यांनी मसूरच्या त्या स्टेशनपासून सुरुवात करावी.

१९४८ चा जून

आमच्या जव्हारचा विमानाशी संबंध तसा जुना आहे. मुकणे घराण्याचे हे संस्थान नऊ तोफांच्या सलामीचे. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात अधिकारी होते. फ्लाइट लेफ्टनंट ही त्यांची पदवी गावातले म्हातारे ‘महाराज’ या शब्दाइतक्याच अभिमानाने उच्चारत. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये, एका आठवड्याच्या अंतराने, दोन वाहने निघाली. १ जूनला पुण्याहून अहमदनगरला एसटीची पहिली गाडी सुटली. ८ जूनला मुंबईहून एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघाले. त्यात पस्तीस प्रवासी होते आणि त्यांत राजेरजवाडेही होते. कंपनीचे चिन्हही महाराजाच, बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आणि उमेश राव यांच्या हातून १९४६ मध्ये उतरलेला. खरे महाराज गादीवरून उतरत होते त्याच सुमारास चित्रातला महाराज तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाला लवून नमस्कार करू लागला होता. पैसे दिल्यावर कोणालाही राजासारखे वागवले जाईल, असे आश्वासन त्या चित्रात होते.

तेव्हाच्या विमानात वर्गांचा गुंता फारसा नव्हता, कारण विमानात बसणे हाच वरचा वर्ग होता. गुंता पुढे वाढला. १९५२ मध्ये अटलांटिक महासागरावरून ‘टूरिस्ट’ दराची उड्डाणे सुरू झाली आणि १९५८ मध्ये ‘इकॉनॉमी’ वर्ग आला. भाडी विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना ठरवत असे. तिने नुसते भाडे ठरवले नाही, या वर्गाला खायला काय द्यायचे तेही ठरवले. जेवण साधे, थंड आणि स्वस्त हवे, म्हणजे सँडविच. स्कँडिनेव्हियाच्या कंपनीने पावाच्या तुकड्यावर मांस, मासे, चीज असे रचून भरगच्च सँडविच वाढायला सुरुवात केली, तेव्हा अमेरिकेच्या पॅन अॅमने तक्रार केली. वाद इतका चिघळला की स्कँडिनेव्हियन कंपनीला दंड झाला. स्वस्त तिकिटाच्या प्रवाशाला चांगले खायला दिले म्हणून दंड! द्युप्युईचे बिनछपराचे डबे आता ढगांच्या वर गेले होते.

१९७८ मध्ये अमेरिकेने विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण काढले. त्याच्या आगेमागे कंपन्या संगणकावर बसून एकेका जागेचा भाव रोज बदलू लागल्या. एकाच रांगेत शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे पैसे मोजलेले असायचे. पूर्ण भाडे देणाऱ्या व्यापाऱ्यांची कुरकुर सुरू झाली आणि त्यांच्यासाठी पुढे पडदा ओढून जागा वेगळी केली गेली. बिझनेस वर्ग तिथून आला. मग बिझनेस इतका आलिशान आणि महाग झाला की तो आणि इकॉनॉमी यांच्यामध्ये भलीमोठी दरी पडली. ती बुजवायला प्रीमियम इकॉनॉमी आला. दरम्यान मागच्या जागा आवळत गेल्या. एका जागेच्या पाठीपासून पुढच्या जागेच्या पाठीपर्यंतचे अंतर सुरुवातीच्या इकॉनॉमीत चौतीस इंचांच्या आसपास होते. आज ते बहुतेक ठिकाणी अठ्ठावीस ते बत्तीस इंच आहे.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. याच आवळण्यामुळे तिकीट माझ्यासारख्याला परवडले. २००३ मध्ये एअर डेक्कनने जेवण वगैरे गाळून स्वस्त तिकिटे विकली, तेव्हा पहिल्यांदा विमानात बसलेल्यांना मांडीवरचा डबा उघडून खाण्यात कमीपणा वाटला नाही. स्वस्तातली अडचण ही प्रत्येक वेळी फसवणूक नसते. काही वेळा ती सौदा असते. मात्र सौदा कुठे संपतो आणि भिववणे कुठे सुरू होते, हे ओळखता आले पाहिजे.

दोन इंचांचा फोम

या कहाणीला दुसरी बाजू आहे, आणि तिचा नायक मराठी आहे.

भारतीय रेल्वेने १९७४ मध्ये तिसरा वर्ग बंद केला. पण तो कागदावर. पाटी बदलून तिसऱ्याचा दुसरा झाला, फळी लाकडाचीच राहिली. त्या फळ्यांवर रात्र काढलेल्या वाचकांना सकाळी बरगड्या मोजता येत असत ते आठवेल. १९७७ मध्ये जनता सरकारात मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. अहमदनगरचे, सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलेले, राजापूरचे खासदार. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसवायला घेतला. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई ते हावडा ‘गीतांजली एक्सप्रेस’ सुरू झाली, तिच्यात वर्गच नव्हते. पहिल्या वर्गाला खाली ओढायचे नाही, दुसऱ्या वर्गाला वर उचलायचे, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या दहा-बारा वर्षांत तो फोम देशभरच्या गाड्यांत पोहोचला.

असेच एकशे दोन वर्षांपूर्वी इंग्लंडात घडले होते. मिडलंड रेल्वेने १८७५ मध्ये दुसरा वर्ग रद्द केला आणि तिसऱ्या वर्गाच्या बाकांना गाद्या बसवल्या. इतर कंपन्या चिडल्या, पण प्रवासी मिडलंडकडे वळले आणि हळूहळू सगळ्यांनाच तिच्या मागे जावे लागले.

अपग्रेड या शब्दाचे हे दोन अर्थ आहेत. एक, मी पैसे भरून वरच्या वर्गात जाणे. दुसरा, खालचा वर्गच वर येणे. पहिल्या अर्थाने रोज लाखो संदेश फोनवर येतात. दुसऱ्या अर्थाचे अपग्रेड फोनवर येत नाही. त्यासाठी कायदा लागतो, मंत्री लागतो किंवा एखादी शहाणी कंपनी लागते. आपल्या रेल्वेने २००६ पासून आणखी एक मधला मार्ग काढला. वरच्या वर्गात जागा रिकाम्या राहिल्या तर खालच्या वर्गातल्या काही प्रवाशांना त्या जास्तीचे पैसे न घेता द्यायच्या, म्हणजे खाली प्रतीक्षा यादीतल्यांना जागा होते. रिकामी जागा तीच; रेल्वे ती वाटते, विमान कंपनी ती विकते.

भाव कसा निघतो?

आता त्या संदेशाकडे वळू. विमान उडाले की रिकाम्या जागेची किंमत शून्य. म्हणून शेवटच्या एक-दोन दिवसांत कंपनी तिच्यासाठी मिळेल ते घ्यायला तयार असते. पण ती फुकट वाटता येत नाही, नाहीतर पुढच्या वेळी कोणी पूर्ण भाडे भरणारच नाही. म्हणून देऊ करण्याचा भाव मूळ फरकापेक्षा कमी, पण टोचण्याइतका ठेवतात. काही कंपन्या प्रवाशालाच बोली लावायला सांगतात. मॉन्ट्रियलची प्लसग्रेड ही कंपनी २००९ पासून विमान कंपन्यांना अशी व्यवस्था पुरवते. ‘जागा मोजक्याच’ हे बऱ्याचदा खरे असते. पण आपण घाई करावी म्हणून ते सांगितलेले असते, हेही खरे.

अशा वेळी मी आता पाच गोष्टी बघतो. भाव तासांवर भागायचा: अठ्ठावीस हजार भागिले साडेनऊ, म्हणजे तासाला जवळजवळ तीन हजार. दिवसाचे उड्डाण आहे की रात्रीचे? झोपेची किंमत रात्रीच. नेमके काय मिळते: पाठ किती मागे जाते, पाय किती लांब होतात, सामानाचे वजन वाढवून मिळते का? प्रवास रद्द झाला तर हे वरचे पैसे परत मिळतात का? आणि शेवटची गोष्ट, त्याहून थोडक्यात काही मिळते का? बहुतेक विमानांत मधल्या भिंतीसमोरची रांग किंवा मार्गिकेकडची जागा थोड्या जास्तीच्या पैशात मिळते. संकटकालीन दाराजवळची रांग ऐसपैस असते, पण गुडघा दुखणाऱ्याला तिथे बसू देत नाहीत.

आजाराच्या भीतीबद्दलही सांगतो, कारण तिच्याच जोरावर अनेक अपग्रेड विकले जातात. पायात रक्ताची गुठळी होण्याला ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ असे नाव पडले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केल्यास हा धोका साधारण दुप्पट होतो. पण मूळ धोका लहान आहे, सुमारे सहा हजारांत एक, आणि तो विमानाइतकाच बस, गाडी आणि आगगाडीतही आहे. कारण वर्ग नव्हे, न हलता बसणे. ज्यांना पूर्वी गुठळी झाली आहे किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी जागेचा वर्ग ठरवण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

काउंटरवर

यातले काहीच मला त्या संध्याकाळी ठाऊक नव्हते. मी संदेशाला उत्तर दिले नाही. सकाळी विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने विचारले, “सर, अपग्रेड हवं होतं का? आता एकच सीट शिल्लक आहे.” मी खिशातून कार्ड काढले. पत्नीला म्हटले, “तू जा पुढे. मी मागे बसतो.”

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिले. “माझ्या गुडघ्यासाठी की मामंजींसाठी?”

एकेचाळीस वर्षांत मी तिला ती नाशिकची गोष्ट किती वेळा सांगितली असेल! तिने मग त्या मुलीलाच विचारले की माझा पाय लांब होईल अशी दुसरी जागा आहे का. मधल्या भिंतीसमोरच्या रांगेत दोन जागा होत्या, एक मार्गिकेकडची. माणशी एकवीसशे रुपये. ते भरले. साडेनऊ तासांत ती सहा वेळा उठून चालली, घड्याळ लावून. तरी लंडनला उतरल्यावर गुडघा सुजलेला होता आणि सूज उतरायला दोन दिवस लागले. अठ्ठावीस हजार भरले असते तर ती आली नसती का? कदाचित. पुढच्या वेळी तिचे दुखणे वाढले असेल आणि डॉक्टर म्हणतील, तर मी संदेशाची वाट न बघता तिकीट काढतानाच वरच्या जागेचा भाव विचारेन.

पण मला माझ्या दोन निर्णयांतला फरक कळला. १९८३ मध्ये गरज खरी होती. वडिलांचा मणका दुखत होता, जीप दारात होती, आणि मी चारशे रुपये वाचवले. गेल्या वर्षी मला जे टोचत होते ते जुने होते आणि ते अठ्ठावीस हजारांनी फिटणार नव्हते. पैसे वाचवण्याची चूक आणि पैसे खर्च करण्याची चूक, दोन्ही एकाच जागेतून येतात: समोरच्या माणसाला काय हवे आहे हे न विचारण्यातून. वडिलांना मी विचारले नव्हते. पत्नीलाही विचारणार नव्हतो. तिने मध्येच विचारले म्हणून वाचलो.

परतताना पालघरहून एसटीने जव्हारला आलो. ज्येष्ठ नागरिक म्हणून मला निम्मे तिकीट, महिला म्हणून तिला निम्मे. विक्रमगडच्या पुढे घाट लागला. तिने पाय आडवा करून माझ्या पिशवीवर ठेवला होता.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा दिवाळी संपत आलेली असेल. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर तेव्हा टेम्पो येऊ लागतात. भात कापून झालेले असते, कुटुंबेच्या कुटुंबे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. भांडी, कोंबड्या, गोधड्यांची गाठोडी आणि त्यांच्यावर बसलेली पोरे. टेम्पोला छप्पर नसते. द्युप्युईने वर्णन केलेल्या डब्यालाही नव्हते, पण तो डबा निदान दुसऱ्या कुणाला भिववण्यासाठी तरी बनवला होता. हा टेम्पो कुणाला काही विकण्यासाठी उघडा ठेवलेला नाही. त्या पोरांचा प्रवास वर येईल तो कुणी पैसे भरल्याने नव्हे, दंडवत्यांच्या फोमसारखा सगळ्यांसाठी एकदमच.